पंचनाम्याची माणसं नव्हती ती

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. सर्वपित्री अमावस्येला, सकाळी, ऊन नुकतं ओसरीच्या पायरीवर आलं होतं तेव्हा. दारात दहा-बारा जण गळ्यात कॅमेरे अडकवून उभे राहिले आणि आपण कोण आहोत हे त्यांच्यातल्या एकानंही तिला सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही. न सांगणं हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता.

मी तालुक्यात संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, बाजाराच्या दिवशी उभी राहून वाटते. आमच्याकडं पहिल्यांदा हेच शिकवतात की कुणाचं काय गेलं ते पहिल्या ओळीत सांग, नाहीतर लोक पत्रकात भजी गुंडाळतात. म्हणून सांगून टाकलं. बाकीचं सांगताना मी मधेच दुसरीकडं जाईन. अजून हे मला एका जागी बसून सांगता येत नाही.

आत्याचं गाव युसूफ वडगावच्या पुढं, मांजरेच्या काठाला. वरून पाणी सुटलं तेव्हा नदी आधी उसात शिरली, मग सोयाबीनमध्ये, मग वेशीतून आत आली. नदीकडची आळी सगळी बुडाली. पाणी ओसरलं तसा घराघरांत गुडघ्याएवढा गाळ राहिला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जनावरं घेऊन माळावर गेले ते तिकडंच. आत्या शाळेच्या खोलीत. दोघांचे फोन पाण्यात गेलेले, गावात लाईट नाही, ज्यांचे फोन कोरडे होते तेही बंद.

आणि घराला तिनं हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. पंचनामा होईपर्यंत काही हलवायचं नाही, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत आहे. मागच्या एका पुरात ज्यांनी घाईनं घर धुऊन काढलं, त्यांना तुमचं नेमकं गेलं काय असं विचारलं गेलं होतं. तेव्हापासून लोक घाण सांभाळून ठेवतात. कुजलेली ज्वारी दारात तशीच, भिंतीवर पाण्याची रेघ तशीच, गाळात अर्धी बुडालेली भांडी तशीच. दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून आपल्याच घराकडं बघत राहायचं.

त्यात घट तोंडावर आलेले. ज्यांच्याकडं हे नसतं त्यांच्यासाठी सांगते. घट बसायच्या आधी आमच्या बायका घरातली एकूणएक वाकळ, गोधडी, धडपं नदीवर नेऊन धुतात. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा देतात, जमीन सारवतात. एक चिंधी पारोशी राहिली तरी चालत नाही. त्या वर्षी नदीच घरात येऊन गेली होती आणि घर धुता येत नव्हतं. देवी येणार अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, तलाठी येणार कधी ते कुणालाच ठाऊक नाही. आत्या म्हणे रोज शाळेतून घरापर्यंत जायची, दारातून आत बघायची आणि परत यायची. दिवसातून कितीतरी वेळा.

मी पोचले ते घट बसले त्या दुपारी. तोवर आमच्या बाजूच्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. संघटनेच्या टेम्पोतून धान्याच्या पिशव्या उतरवल्या आणि धावत नदीकडच्या आळीत गेले, तर आत्याचं घर लख्ख. भिंती पांढऱ्या, जमीन सारवलेली, अजून ओली. दोरीवर वाकळा. कोपऱ्यात घट बसलेला, पत्रावळीतली माती नदीनंच आणून टाकलेली. आत्या दारात पदर खोचून उभी.

“ये बाई. पंचनामा झाला आमचा. पैल्या नंबरानं.”

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मी ओसरीवर बसले. शेजारची काकूही येऊन टेकली. ती आत्याची सख्खी मैत्रीण आणि त्याहून सख्खी भांडखोर.

“लई शिस्तीची माणसं बघ,” आत्या सांगू लागली. “तलाठी आला की कसा वसकतो, नाव काय, गट नंबर काय, इकडं सरका, तिकडं सरका. ह्यांनी काईच इचारलं न्हाई. नुसते फटू. चुलीचा, जवारीचा, भांड्याचा, माझा. मी म्हणलं, सरकार सुधारलं.”

“आन ती पोरगी,” काकू म्हणाली. “गाळात आडवी झाली की गं फटू काढाया. नवी कोरी प्यांट. मी म्हणलं, ही जिल्ह्यावरनं आल्याली मोठी सायबीन आसंल. बारकी सायबीन कशाला लोळंल?”

“बोलत होता तो एकलाच, म्होरक्या. मला म्हणला, मावशी, ती वाकळ पुन्हा उचला. उचलली. म्हणला, जरा वर, उजेडाकडं. उचलली. वल्ली वाकळ हाय बाई, मेलेल्या रेड्यावानी जड. म्हणला, अजून एकदा. तवा मी म्हणलं, साहेब, आता हितनं म्होरं ही वाकळच मला उचलंल.”

काकू हसायला लागली. मीही हसले.

“तर म्हणतो कसा, मावशी, हसू नका.”

तिथं माझं हसणं थांबलं. मी विचारलं, “नाव लिहून घेतलं का तुझं?”

“न्हाई.”

“सही, अंगठा?”

“न्हाई.”

“सोबत तलाठी होता? कोतवाल? गावातलं कुणी?”

आत्यानं काकूकडं बघितलं. काकूनं तोंडातलं पान गालात सरकवलं.

“कावून गं, काय झालं?” आत्या म्हणाली.

मला कळलं होतं, कारण त्या मंडळींची जाहिरात माझ्या फोनवर येऊन पडली होती. आपत्तीतलं छायाचित्रण, प्रत्यक्ष पूरग्रस्त गावात जाऊन शिका, नामवंत मार्गदर्शक, जेवणखाण आणि राहणं धरून. शब्दांवर माझं पोट नाही, पण काम शब्दांवरच चालतं. त्यामुळं जाहिरातीतला कुठला शब्द खोटं बोलतो ते मला लगेच दिसतं. त्यात एक शब्द होता, ‘थेट’. थेट अनुभव. कुणाचा अनुभव? पूर आत्याला आला, अनुभव ह्यांना मिळणार होता. मी ती जाहिरात बघून चार शिव्या घातल्या होत्या आणि पुढं सरकले होते. ही माणसं आत्याच्याच दारात येतील असं डोक्यातही आलं नव्हतं.

ती पंचनाम्याची माणसं नव्हती, एवढं मी आत्याला तेव्हाच सांगितलं. ती भिंतीकडं बघत राहिली. पाण्याची रेघ जिथं होती तिथं आता पांढरी माती होती. आदल्या दिवशी दुपारपासून तिनं आणि काकूनं मिळून दोन्ही घरांतला गाळ उपसला होता, कुजलेली ज्वारी उकिरड्यावर टाकली होती. गावच्या गुरांनी ती पांगवलीही होती.

दुसऱ्या दिवशी खरी माणसं आली. तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल. मी त्यांच्यावर चिडायच्या तयारीनंच उभी होते. पण तलाठी पोरगेला होता, कितीतरी गावं हिंडून आलेला, पँट मांडीपर्यंत चिखलानं भरलेली. त्यानं आत डोकावून बघितलं आणि त्याचाच चेहरा पडला.

“आत्याबाई, हे काय करून ठेवलं?”

“घट बसवला बाबा.”

“ते दिसतंय. पण पाणी कुठवर आलतं ते कुठं दिसतंय? मी लिहितो, पंच सह्या करतील, पण वर फोटो जोडावा लागतो. ह्या घराचा फोटो काढला तर साहेब म्हणतील दिवाळीचा हाय.”

“फटू हायत की. काल नव्हं, परवाच्याला काढल्यात. दहा-बारा जणांनी.”

“कुणी?”

आत्यानं माझ्याकडं हात केला, जणू ते मी सांगावं. मी सांगितलं. तलाठ्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, “ताई, मग ते फोटो आणा. तारीख-वेळ असलेले, मूळ. मी आळीतली बाकीची घरं आधी करतो. ह्या दोन घरांचं उद्यापर्यंत धरून ठेवतो. त्याहून जास्ती नाही जमायचं.”

मी तशीच निघाले. काळीपिवळीत बसले, केजला उतरले. एका मंगल कार्यालयात त्यांचा मुक्काम आहे हे चहाच्या गाड्यावरच कळलं, गावात एवढे कॅमेरे आले की लपत नाहीत. वर हॉलमध्ये, जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात त्या मंचावर, पांढरा पडदा लावला होता. शिकणारे खाली सतरंजीवर. मी मागं, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले.

पडद्यावर आत्याचे हात होते. फक्त हात आणि वाकळ. वाकळेतून गाळाचं पाणी निथळत होतं, मागून ऊन. सांगायला लाज वाटते, पण फोटो चांगला होता.

शिकवणारे सर हळू आवाजात बोलत होते. “हा थेंब बघा. तो अजून पडलेला नाही. आपत्ती म्हणजे हे, पडण्याच्या आधीचं थांबणं. म्हणून मी म्हणतो, त्यांच्याशी बोलू नका. बोललात की चेहरा बदलतो. त्यांना तुमचा विसर पडला पाहिजे.”

पुढं बसलेल्या एकानं विचारलं, “पण सर, वाकळ आपणच परत उचलायला लावली ना?”

“सूचना करणं वेगळं, रचना करणं वेगळं,” सर म्हणाले. वह्यांत ते लिहून घेतलं गेलं.

मी पुढं गेले. सांगितलं, ही माझी आत्या. तिच्या घराचे सगळे फोटो हवेत, आजच, मूळ, आणि शेजारच्या घराचेही. का हवेत तेही सांगितलं. तुम्ही गप्प राहिलात म्हणून तिनं तुम्हाला पंचनाम्याचे समजून घर धुतलं, तेही सांगितलं.

सर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते. वाईट माणूस असता तर मला चार वाक्यांत निकाल लावता आला असता. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले, “ताई, तुमचा राग मला समजतो.”

“राग समजू नका. फोटो द्या.”

“तसं करता येत नाही. आम्ही साक्षीदार आहोत, पक्षकार नाही. आज आमचा फोटो सरकारी कागदाला लागला, की उद्या प्रत्येक गावात लोक आमच्यासमोर नुकसान मांडून बसतील. मग जे दिसेल ते खरं राहणार नाही.”

“तिनं मांडलंच होतं. तुमच्यासाठी नाही, पंचनाम्यासाठी. आणि तुम्ही ते काढलंत.”

“आम्ही तिला फसवलं नाही.”

“तुम्ही कोण हे सांगितलं का?”

“तिनं विचारलं नाही.”

गाळात लोळलेली ती मुलगी उभी राहिली. तिची पँट मी ओळखली, धुऊनही डाग तसेच होते. म्हणाली, “सर, एक फोटो दिला तर काय होईल?”

“एक दिला तर सगळे द्यावे लागतील.”

“मग सगळे द्या,” मी म्हणाले.

तेव्हा सरांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. ते माझ्याकडून वळले, वर्गाकडं तोंड केलं आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, “हे महत्त्वाचं आहे. असे प्रसंग तुमच्यावरही येतील. लोकांच्या अपेक्षा, त्यांच्या भावना, आणि आपलं अंतर. नोंद करा.” वह्या पुन्हा उघडल्या. मी तिथंच खुर्चीवर होते, हातात पाण्याचा पेला. डावीकडं कुठंतरी कॅमेऱ्याचा आवाज झाला. खट. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तोही चांगला फोटो झाला असता.

पेला खाली ठेवून मी बरंच बोलले. त्यातलं छापण्याजोगं फार थोडं आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि ते खरं होतं, आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता.

ती मुलगी जिन्यात माझ्यामागं आली. म्हणाली, “ताई, माझ्याकडं असते तर आत्ता दिले असते. रोज संध्याकाळी आमची कार्डं रिकामी करून घेतात. प्रदर्शन होईपर्यंत फोटो त्यांचे, असं आधीच मान्य करून घेतलंय.”

“का मान्य केलंस?”

“शिकायचं होतं.”

मी तिला काहीतरी तिखट बोलणार होते. पण शिकायचं असतं म्हणून माणूस काय काय मान्य करतो हे मला माहीत आहे, मीही संघटनेत असं पुष्कळ मान्य केलंय. मी तिला गावाचा रस्ता सांगितला. म्हणाले, निदान येऊन तिला भेट, तू सरकारची नव्हतीस एवढं तुझ्या तोंडानं सांग. ती हो म्हणाली. आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची गाडी पुढच्या गावाला गेली, असं चहावाल्यानं नंतर सांगितलं. खचलेले रस्ते, चांगला उजेड, पुढचा पाठ.

आत्याला सांगायला गेले तेव्हा ती घटाला पाणी घालत होती. सगळं ऐकलं तिनं. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते, आमच्या घराण्यात तिच्याएवढ्या कसदार शिव्या कुणाला येत नाहीत. तिनं एकच विचारलं.

“मंग ते व्हते तरी कोण?”

“शिकाऊ होते.”

“काय शिकाया आलते?”

“फोटो काढायला.”

“आन आमी?”

तुम्ही त्यांचा फळा, आणि फळ्याला कुणी विचारत नाही, हे मी तिला सांगणार नव्हते.

तलाठ्यानं शब्द पाळला, मुदतीपर्यंत थांबला, मग जे दिसत होतं ते लिहिलं. दिसत होतं ते एक स्वच्छ घर. नंतर आम्ही कचेरीत अर्ज दिला. अर्जावर शेरा आला, पुराव्यासह सादर करावे. पुरावा आहे. तो असल्याचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मंगल कार्यालयाच्या पडद्यावर, माझ्यापेक्षा मोठा. मी आयोजकांना लिहिलं. उत्तर सभ्य आलं, माझं पत्र मार्गदर्शकांकडं पाठवलंय म्हणून. पुन्हा लिहिलं. पुन्हा सभ्य.

मग शहरातल्या एका मैत्रिणीनं प्रदर्शनातून मला तिच्या फोनवरून फोटो पाठवला. काचेच्या चौकटीत आत्याचे हात, वाकळ, थेंब. काचेत मैत्रिणीची ओढणी उमटलेली. खाली लिहिलं होतं, पूरग्रस्त महिला, मराठवाडा. लोक तिथं बराच वेळ थांबतात, असं ती म्हणाली. एक बाई रडल्या. तो काचेचा फोटो घेऊन मी कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं तो बोटांनी मोठा करून बघितला, चांगला आलाय म्हणाला आणि परत दिला. तारीख नाही, घर नाही, तोंडसुद्धा नाही. हात कुणाचेही असू शकतात.

आत्या अजून विचारते. आठवड्याच्या बाजाराला आली की माझ्या पत्रकांच्या टेबलाशी येते, पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, “आला का गं फटू?” मी म्हणते, नाही. ती म्हणते, “बघ, निवडून ठेवला आसंल,” आणि भाजी घ्यायला जाते. तिला अजून वाटतं की मागणाऱ्यानं नीट मागितलं की फोटो मिळतो. मागणारी मी आहे, म्हणजे कमी मीच पडतेय, हेही तिला वाटत असणार.

मी मागून बघितलं. एकटीनं मागून मिळत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

हे प्रदर्शन गावोगाव फिरतंय. तुमच्या शहरात येईल, किंवा ह्याच्यासारखं दुसरं येईल, दुसऱ्या पुराचं, दुसऱ्या आत्याचं. तुम्ही जाल. जा. पण त्या हातांसमोर उभं राहून डोळे पुसू नका, वहीत अभिप्राय लिहू नका. दारात जो आयोजक बसलेला असेल त्याच्याकडं जा आणि विचारा, ह्या बाईला हिचा फोटो दिला का? तारखेसकट, मूळ, तिच्या हातात? तो म्हणेल, हे धोरणात बसत नाही. तो पाणी देईल, खुर्ची देईल. खुर्चीवर बसू नका. फोटो तिच्या दारात पोचेपर्यंत तिथून हलू नका.